कुंभारणीचं घर

भिण्याच्या बाबतीत द्वारकाबाईचा हात धरणारं बजाजनगरात कुणी नव्हतं. मांजर आडवं गेलं की ती पायरीवर टेकायची, गॅस बंद केलाय का ते बघायला रिक्षातून उतरून परत यायची, आणि पोराला कारखान्यातून यायला जरा उशीर झाला की सगळ्या गल्लीला फोन करून झाल्यावर शेवटी पोराला करायची. असल्या बाईच्या पोटी विमान बांधणारा पोरगा यावा, याला काय म्हणावं? देवाला चेष्टेची लहर येते हे एक वेळ समजू शकतं, पण काही जणांची चेष्टा तो जन्मभर पुरवतो.

पोरगा म्हणजे सुदर्शन. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. नवरा गेल्यापासून द्वारकाबाईचं जे काही होतं नव्हतं ते हाच. आयटीआयपासूनचा त्याचा दोस्त इलियास, त्याची जवळच फॅब्रिकेशनची शेड. पुढच्या बाजूला गेट, ग्रील, टँकरचे सांगाडे व्हायचे, आणि मागं ताडपत्रीच्या पडद्याआड या दोघांचं विमान. नकाशे विकतचे, इंजिन परदेशी, बाकी सगळं हातचं. एका माणसाचं विमान, दुसऱ्याला बसायला जागाच नाही. द्वारकाबाईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, याच्यापेक्षा आमच्या सोयगावची बैलगाडी रुंद. इलियास लई हसला. ती हसली नाही.

नुसतं उडायचं असतं तरी तिनं तोंड मिटून सोसलं असतं. सुदर्शनला नाद होता तो लांब पल्ल्याच्या विक्रमांचा. जगात म्हणे अशी कैक माणसं आहेत, घरी बांधलेल्या पिटुकल्या विमानात बसून समुद्र ओलांडतात, वाळवंटं ओलांडतात, न उतरता कोण किती लांब जातो याची चढाओढ लावतात. ती उडत असली की फोनच्या नकाशावर त्यांचा ठिपका सरकताना दिसतो. सुदर्शन सकाळच्या चहाबरोबर ठिपके बघायचा, आणि बशीत चहा ओतता ओतता द्वारकाबाईपण बघायला लागली. त्यात न्यूझीलंडकडचा एक म्हातारा होता. त्याचे गुडघे दुखायचे, तसं त्यानंच लिहिलेलं. त्याला ती 'आपला म्हातारा' म्हणायची. कुठवर आला आपला म्हातारा, काही खाल्लं का त्यानं, असं विचारायची, जसा काही तो पैठणहून एसटीनं निघालाय.

मग एका सकाळी ठिपका समुद्रावर थांबला. सुदर्शन म्हणाला, सिग्नल गेला असेल. चहा झाला, डबे भरून झाले, ठिपका तिथंच. संध्याकाळी तिथंच. पुढं कधीतरी विमानाचं एक चाक सापडलं म्हणे. म्हातारा काही सापडला नाही. द्वारकाबाईनं त्याच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं, आणि शेजारणीनं विचारलं तेव्हा सांगितलं की लांबचं होतं कुणी तरी.

एवढं होऊन पोरानं काय करावं? त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं की आता आपण पण विक्रम करायचा. एवढ्या वजनाच्या, हातानं बांधलेल्या विमानानं न उतरता देशात कुणी गेलं नाही एवढं अंतर जायचं. नाशिककडून विदर्भापर्यंत आणि परत, अशा गोल फेऱ्या. त्यासाठी इलियासनं सीटच्या मागं पेट्रोलची एक जादाची टाकी बसवली. पहिली फेरी नेहमीच्या टाकीवर मारायची, मग कॉक फिरवून जादाची टाकी चालू करायची आणि पुढं जायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. द्वारकाबाईचं मन तर वैऱ्याला मागं टाकून कधीच पुढं गेलं होतं. तिला चहाच्या कपातसुद्धा थांबलेला ठिपका दिसायचा.

तिनं काय काय केलं, ते ऐकलं तर हसाल. पहिल्या चाचणीच्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून सांगितलं की आजी, हे काळीज पंचविशीतल्या बाईचं आहे. दुसऱ्या खेपेला सून न्हाणीत घसरली म्हणून तिनं फोन केला. सून तेव्हा भाजी मंडईत कोथिंबीर निवडत होती. तिसऱ्या खेपेला सोयगावचा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, आणि सुदर्शननं फोन लावला तर भावानंच उचलून मक्याचा भाव विचारला. दर वेळी वर देवाशपथ. तिसऱ्यांदा सुदर्शन ओरडला नाही, शांतपणे बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं.

"माय, तुझ्या शपथेला फोडणीतल्या कढीपत्त्याएवढी पण किंमत नाय राहिली आता. ताटाच्या कडंला काढून ठेवायची नुसती."

तेव्हापासून तिनं शपथ घेणं सोडलं. भिणं काही सोडलं नाही.

आता सून. प्रेरणा शाळेत विज्ञान शिकवायची, आणि शाळेत बोलून बोलून घरी यायची म्हणून की काय, घरात फार बोलायची नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा दिवस भरायच्या आधीच रिकामी झाली. दोन्ही वेळा तिनं उशीत तोंड खुपसून काय रडायचं ते रडून घेतलं आणि चार दिवसांनी साडी नेसून शाळेत गेली. यंदा परत दिवस राहिले होते. नवऱ्याच्या विमानाबद्दल तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, द्वारकाबाईनंसुद्धा नाही. घरात भिण्याचं खातं एकीकडं सोपवलेलं होतं, म्हणजे दुसरीला काही वाटतच नसणार, असा सगळ्यांचा समज.

दसरा नुकताच झाला होता. द्वारकाबाई दुपारचा डबा घेऊन शेडमध्ये गेली. दोघं मित्र पुढं वेल्डिंग करत होते. ती पडद्यामागं जरा सावलीला बसली आणि तिला गुणगुण ऐकू आली. बारीक कंबरेची कुंभारीण माशी पाण्याच्या पिंपाजवळची ओली माती गोळा करून नेत होती, आणि विमानाच्या पोटाखाली बोटाएवढी एक नळी बाहेर आलेली, तिच्यात शिरत होती. घर बांधत होती.

द्वारकाबाईचे डोळे भरून आले. तिच्या माहेरात लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो. तिच्या स्वतःच्या वेळेला तिनं दाराच्या चौकटीवर घर केलं होतं, आणि सुदर्शन झाला. तिची जाऊ चतुराबाई स्वच्छतेची मोठी, तिनं एकदा भिंतीवरचं घर झाडूच्या दांड्यानं पाडलं, तेही सातवा महिना चालू असताना. त्या बाळाला कुणी रडताना ऐकलं नाही. पाडणारणीचं लेकरू जातं, असं सासू म्हणायची. चतुराबाईनं पुढं आयुष्यभर घरात जाळं जळमट काहीही झालं तरी झाडू भिंतीला लावला नाही.

आता इलियासची एक रीत होती. संध्याकाळी शेड बंद करताना तो विमानाच्या प्रत्येक नळीच्या तोंडाला लाल रेक्झिनची टोपी घालायचा, कचरा जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आली तर नळीवर टोपी, आणि कुंभारीण मातीचा गोळा तोंडात धरून बाहेर घिरट्या घालतेय. आत घर अर्धवट. द्वारकाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि टोपी काढून घेतली. रोज दुपारी काढायची, जाताना परत घालायची. घराचं तोंड लिंपून माशी निघून गेली त्या दिवशी तिनं शेवटची टोपी घातली, नळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गप घरी आली. सांगितलं असतं तर पोरांनी ते उकरून काढलं असतं. तिला त्या यंत्रातलं काय कळतंय? तिला वाटलं, एवढं मोठं विमान, त्यात चिमूटभर माती, बिघडतंय काय!

डिसेंबरात एका सकाळी विमान निघालं. फुलंब्रीच्या पुढं एका बड्या माणसानं स्वतःच्या हौसेसाठी बांधलेली धावपट्टी होती, तिथून. द्वारकाबाईनं पोराला ओवाळलं, पंख्याला कुंकू लावलं. इलियासनं विमानाभोवती फिरून लाल टोप्या काढल्या. सुदर्शननं इंजिन दोन्ही टाक्यांवर थोडं थोडं चालवून बघितलं, अंगठा दाखवला आणि गेला. प्रेरणाला सहावा संपत आला होता. ती पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसून राहिली, विमान दिसेनासं झालं तरी तिकडंच बघत.

आणि नवल म्हणजे द्वारकाबाईला त्या दिवशी भीती वाटत नव्हती. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली, वर ताक पिऊन ढेकर दिली. कुंभारीण पोराबरोबर होती, पाळणा हलणार होता, म्हणजे पाळण्याचा बाप परत येणारच. जन्मभर उगाच भ्यायलेली बाई नेमकी त्या दिवशी निर्धास्त बसली होती.

ठिपका छान सरकत होता. नाशिककडून फिरून विदर्भात जाऊन वळला, परत निघाला. पहिली फेरी पुरी करून विमान इथं डोक्यावरून जाणार, तेव्हा सुदर्शन जादाची टाकी चालू करणार आणि दुसऱ्या फेरीला अजिंठ्याच्या डोंगराकडं निघणार, असं ठरलेलं. इलियास खुशीत होता. त्यानं टोप्या एका दोरीत ओवून गळ्यात घातल्या होत्या. द्वारकाबाईनं सहज म्हणून विचारलं, की बाबा, ह्या टोप्यांचं एवढं कौतुक कशाला?

इलियास म्हणाला, "मावशी, तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना भोकं किती पाडता?"

"दोन."

"एक का नाय?"

"एकच पाडलं तर धार येती थोडी, मंग बंद पडती. वारा आत जायला दुसरं लागतं."

"बस, तेच. पेट्रोल खाली जातं तसा वरनं वारा आत जाया पाहिजे. ह्या नळ्या त्याच्याच. नळी तुंबली की इंजिन पाच-दहा मिनिटं चालतं अन् बंद."

द्वारकाबाईनं किती डबे फोडले असतील जन्मात! तिला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.  नेहमीची टाकी संपत आलेली, खाली डोंगर, जंगल, उतरायला हातभर सपाट जागा नाही, आणि आपण लिंपू दिलेली नळी. एकदा तिच्या मनात आलं की गप बसावं, कदाचित काही होणार नाही. ते मनात आलं याची तिला पुढं लई लाज वाटली. मग तिनं सांगून टाकलं, सगळं, टोपी काढल्यापासून ते कपाळाला हात लावल्यापर्यंत.

इलियासनं गळ्यातल्या टोप्या मुठीत धरल्या. कुठली नळी, त्यानं विचारलं. तिनं हातानं दाखवलं, पोटाखालची, मागची. जादाच्या टाकीची. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं, आणि द्वारकाबाईला त्याच्या डोळ्यांत दिसलं की तो छातीतलं दुखणं, न्हाणीतलं घसरणं आणि सोयगावचा भाऊ, सगळं आठवतोय. खरं धरावं तर दोघांची इतक्या वर्षांची मेहनत जाते, आणि खोटं धरावं तर दोस्त. पलीकडं प्रेरणा खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. एक हात पोटावर.  द्वारकाबाईला वाटलं, पोरगी माझ्यावर चिडली असेल, चिडावंच.

इलियासनं रेडिओ उचलला. सुदर्शन जवळ आला होता, आवाज खरखरत का होईना येत होता. इलियासनं त्याला सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मायनं तुला पण गुंडाळलं का, सुदर्शन म्हणाला, सकाळी मी त्याच टाकीवर इंजिन चालवलंय. इलियासनं डब्याची गोष्ट सांगितली, की थोडी धार तर येतेच. सुदर्शन म्हणाला की वारं मस्त आहे, इंजिन गाणं म्हणतंय, आणि मी काही कुंभारणीपायी उतरत नसतो. मायला म्हणावं चहा घे.

विमान दिसायला लागलं होतं, घारीएवढं. त्याचा आवाज डोक्यावर आला आणि पुढं निघाला, उत्तरेला, डोंगराकडं. इलियास नुसता रेडिओ हातात धरून उभा. थोड्या वेळात कॉक फिरणार आणि त्याच्यानंतर रेडिओचा टप्पा पण संपणार. द्वारकाबाईनं त्याच्या हातातनं रेडिओ ओढून घेतला. कसा धरायचा तेही तिला माहीत नव्हतं, इलियासनंच बटण दाबून धरलं.

"सुदर्शन, मी प्रेरणाच्या पोटातल्या लेकराची शपथ घेऊन सांगते. नळीत माती हाय. मीच ऱ्हाऊ दिली."

मागून प्रेरणाचा आवाज आला, "आई." एवढाच. द्वारकाबाईला तिच्याकडं वळून बघायचं धाडस झालं नाही. देवाच्या शपथा तिनं पोत्यानं घेतल्या होत्या. लेकराची, ती पण पोटातल्या, कधी नाही. आणि हे सुदर्शनला ठाऊक होतं.

रेडिओत नुसती खरखर. विमान बारीक होत चाललं. मग ते एका पंखावर कललं.

"उतरतो," सुदर्शन म्हणाला.

तो उतरला. इंजिन बंद झालं, काच उघडली, तो खाली आला आणि आईकडं न बघता विमानाच्या पोटाखाली बसला. इलियासनं बारीक तार आणली आणि नळीत घातली. तार आत गेली, आणखी गेली, कुठंच अडली नाही. बाहेर काढली तर लख्ख. मग इलियासनं नळीला तोंड लावून फुंकर मारली. वारा सरळ आत गेला, टाकीत पेट्रोल डुबुक डुबुक वाजलं ते सगळ्यांना ऐकू आलं. माती नव्हती, कणभरसुद्धा.

सुदर्शन तसाच बसून राहिला. "माय," तो म्हणाला, "लेकराची पण खोटी शपथ?"

 द्वारकाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी माशीला घर लिंपताना बघितलं होतं. ती वेड्यासारखी नळीकडं बघत राहिली, मग इलियासकडं, मग प्रेरणाकडं. प्रेरणा नळीकडं बघतच नव्हती. तार लख्ख आली याचं तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. ती सासूकडं बघत होती, आणि विज्ञानाच्या बाईला टाकीची नळी म्हणजे काय ते कुणी डब्याची गोष्ट सांगून समजवायला लागत नाही. प्रेरणाचे ओठ हलले. ती आता बोलणार, हे दिसत होतं. द्वारकाबाईनं तिचं मनगट धरलं आणि दाबलं.

"व्हय," द्वारकाबाई पोराला म्हणाली. "खोटं बोलले. मला भ्या वाटलं."

सुदर्शन उठला आणि धावपट्टीच्या कडेनं लांब चालत गेला. इलियास त्याच्या मागं गेला. जाताना तो द्वारकाबाईला मावशी म्हणाला नाही. त्याच्या गळ्यातल्या लाल टोप्या हलत होत्या.

दोघी गाडीत येऊन बसल्या. प्रेरणा बोलायला लागली, खाली मान घालून, वर्गात उत्तर चुकलेल्या पोरीसारखी. दिवाळीच्या आधी ती डबा घेऊन शेडमध्ये गेली होती. टोपी तिरकी दिसली म्हणून काढून बघितलं, तर आत माती. हेअरपिननं सगळी उकरून काढली, नळी पुसली, टोपी परत घातली. कुंभारणीच्या घराची आणि पाळण्याची गोष्ट सासूबाईंकडून तिनं कितीदा ऐकली होती, त्यांना कळायला नको, म्हणून बोलली नाही.

"मघाशी सांगणार होते, आई. तुम्ही इलियासभाईंना सांगितलं तेव्हाच. मग वाटलं, उतरू दे त्याला. मला तो खाली पाहिजे होता."

 द्वारकाबाईनं स्वतः वेगळं काय केलं होतं एवढी वर्षं? तिला सुनेचा राग आला नाही. या पोरीनं इतके महिने एकटीनं भिऊन काढले आणि आपण तिला एकदा विचारलं नाही, याचं तिला वाईट वाटलं. पण ते वाटणं वरच्या वर राहिलं, कारण त्याच्या खाली दुसरं काही तरी वर येत होतं. घर पाडणारणीचं लेकरू जातं. आणि त्याच लेकराची शपथ, ती पण खोटी ठरलेली. पाडलं कुणी आणि शपथ वाहिली कुणी, याचा हिशेब देव वेगवेगळा ठेवतो की एकातच मांडतो, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला आता चतुराबाई पण जिवंत नव्हती.

यातलं ती सुनेला काहीच बोलली नाही. भिण्याचं सगळं तिनं आजवर बोलून दाखवलं होतं, हे मात्र गिळलं. तिनं नुसतं विचारलं, बाळ सकाळपासून फिरलं का गं? प्रेरणा म्हणाली, सकाळी फिरलं होतं, आता लक्ष नव्हतं माझं. द्वारकाबाईनं तिच्या पोटावर तळवा ठेवला. हाताखाली साडी गरम होती, बाकी काही नाही. झोपलं असंल, ती म्हणाली. तिकडून दोघं मित्र परत आले, गाडी चालू झाली, फुलंब्री गेलं, हर्सूलचा तलाव आला, तरी तिनं हात काढला नव्हता.